निळ्या ढालीचं गणित

नेदरलँड्समध्ये जुन्या घरांच्या दारांशेजारी तळहाताएवढी निळी-पांढरी पाटी तुम्ही पाहिली असेल. द हेगच्या जुन्या भागात फिरताना ती हमखास दिसते. मला सुरुवातीला ती पाणीपुरवठ्याची किंवा विमा कंपनीची खूण वाटली होती. प्रत्यक्षात ती युद्धातली खूण आहे.

१४ मे १९५४ रोजी याच शहरात, युद्धात सांस्कृतिक वारसा जपण्याचा करार झाला. दुसऱ्या महायुद्धात युरोपने जे गमावलं, त्याची ती आठवण होती. भारताने १९५८ मध्ये या कराराला मान्यता दिली. त्यात एक चिन्ह ठरलं, आणि १९९६ मध्ये संग्रहालयं, अभिलेखागारं, ग्रंथालयं आणि स्मारकं यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून जी संस्था काढली, तिने नावही त्याच चिन्हावरून घेतलं: ब्लू शील्ड. वारशासाठीची रेड क्रॉस, असं तिला म्हणतात.

आता चिन्ह नीट पाहा. ढालीवर गुणिलेची फुली मारा, चार भाग होतील. वरचा आणि खालचा निळा, डावा-उजवा पांढरा. खालचा निळा भाग म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला चौरस, त्याच्या डोक्यावर निळा त्रिकोण. ढाल अर्थातच युरोपियन सरदाराची, टोकदार. आपली मराठी ढाल गोल असते, म्हणून आपल्याला ती चटकन ढाल वाटत नाही. पण तिच्यात ना अक्षर, ना धर्माची खूण. रेड क्रॉसचा क्रूस अनेकांना धार्मिक वाटला, म्हणून पुढे लाल चंद्रकोर आली आणि २००५ मध्ये लाल स्फटिकही. इथे तो प्रश्न आला नाही.

रंगांची निवडही मला शास्त्रज्ञ म्हणून आवडते. गडद निळा आणि पांढरा यांत उजळपणाचाच मोठा फरक आहे, त्यामुळे लाल-हिरवा भेद न कळणाऱ्यालाही ती ढाल स्पष्ट दिसते. संध्याकाळी प्रकाश कमी झाला की आपला डोळा निळ्याकडे झुकतो आणि लाल रंग काळपट होतो; याला पर्किंजे परिणाम म्हणतात. हिमालयातल्या नग्गरला राहिलेल्या निकोलाय रोरिख यांनी अशाच हेतूने पांढऱ्यावर तीन लाल गोळ्यांचा झेंडा सुचवला होता, आणि १९३५ मध्ये त्यावर वॉशिंग्टनला करारही झाला. अंधार पडताना ते लाल गोळे काळसर दिसणार.

आता दूरवरून किती दिसेल, ते पाहू. उट्रेख्टच्या हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये डोळे तपासण्याचा जो तक्ता बनवला, त्याचा नियम असा: चांगल्या डोळ्याला अक्षर ओळखायला ते ५ कला एवढा कोन व्यापणारं हवं (१ कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). त्या हिशोबाने १० सेंटिमीटरची दारावरची ढाल साधारण ७० मीटरवरून ओळखता येते. रस्त्यावरच्या सैनिकाला ते चालेल. ३ किलोमीटरवरच्या वैमानिकाला मात्र छतावर सुमारे साडेचार मीटरची ढाल लागेल, तीही ढग नसताना.

आणि खूण ओळखणाऱ्याने ती मानलीच पाहिजे, असं थोडंच आहे? डुब्रोव्हनिकच्या जुन्या शहरात वास्तूंवर ही ढाल लावली होती, तरी ६ डिसेंबर १९९१ रोजी तिथे तोफा डागल्या गेल्या. काही जण म्हणतात, अशी खूण म्हणजे शत्रूला निशाणा दाखवणं. मला तो आक्षेप अर्धाच पटतो. खूण नसती, तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणता आलं असतं. या हल्ल्याबद्दल एका नौदल अधिकाऱ्याला द हेगमधल्याच न्यायाधिकरणाने २००४ मध्ये सात वर्षांची शिक्षा दिली. इथल्याच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ मध्ये टिंबक्टूतल्या पवित्र कबरी पाडल्याबद्दल नऊ वर्षांची शिक्षा सुनावली. खटला केवळ वास्तू उद्ध्वस्त केल्याचा होता.

ढालीला मर्यादाही आहे. करार सशस्त्र संघर्षापुरता आहे. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमाव घुसून ग्रंथ आणि पोथ्यांची नासधूस झाली, ते युद्ध नव्हतं. तिथे कामाला येतो तो साधा फौजदारी कायदा.

म्हणूनच ब्लू शील्डचं बरंचसं काम आज पाट्यांपेक्षा याद्यांचं आहे: कोणती वास्तू कुठे आहे, तिचे अक्षांश-रेखांश काय, हे आधी ठरवून सैन्यांना देणं, म्हणजे हल्ल्याच्या नकाशावरच तिथे ढाल उमटते. द हेगमध्ये याचं मोल कळायला दूर जावं लागत नाही. ३ मार्च १९४५ रोजी ब्रिटिश विमानं हाख्स बॉसच्या जंगलातले व्ही-२ रॉकेटचे तळ उडवायला आली. बॉम्ब पडले शेजारच्या बेझाउडेनहाउट वस्तीवर, आणि पाचशेहून अधिक माणसं मेली.