पेपर कसा गेला?

दहावीचा पेपर सुटला की केंद्राबाहेर मुलांचे घोळके जमतात. चौथ्याचं उत्तर काय काढलंस, नकाशा पूर्ण झाला का, अशी उलटतपासणी घरी पोहोचेपर्यंत चालते. त्यात वावगं काही नाही. तो पेपर दोन-तीन तासांत संपलेला असतो आणि पुढच्या वर्षी तो मागील प्रश्नपत्रिकांच्या पुस्तकात छापूनही येतो. मी पुण्यात लिनक्स शिकवतो. माझ्याकडे येणारी मुलं याच वळणाची. कमांड त्यांच्या पाठ होतात, पण परीक्षेनंतर गप्प राहणं त्यांना फार जड जातं.

रेड हॅट या लिनक्स कंपनीचं आरएचसीएसए प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. माझी मुदत संपत आली तेव्हा मी पुन्हा परीक्षेला बसलो. लहानशी खोली, टेबलावर एक मशीन, वर रोखलेले कॅमेरे. फोन बंद करून बाहेर ठेवला, घड्याळ काढलं, खिसे उलटे करून दाखवले. पर्यवेक्षक कुठल्या तरी दूरच्या शहरात होता; त्याच्याशी बोलणं फक्त चॅटच्या चौकटीतून. ओळखपत्र पटल्यावर पडद्यावर गोपनीयतेचा करार आला. पूर्वी मी तो न वाचताच मान्य करून पुढे गेलो होतो. या वेळी ओळ न ओळ वाचला. परीक्षेतला मजकूर कुणालाही, कोणत्याही रूपात सांगायचा नाही. लिहून नाही, बोलून नाही, आठवून पुन्हा मांडूनही नाही. मान्य केल्याशिवाय परीक्षा सुरूच होत नाही, आणि शब्द मोडला तर मिळालेलं प्रमाणपत्रही काढून घेतलं जाऊ शकतं.

ही परीक्षा ३०० गुणांची, उत्तीर्ण व्हायला २१० लागतात. पर्यायांवर खूण करायची सोय नाही; समोर चालतं मशीन असतं आणि काम करून दाखवायचं असतं. इंटरनेट नाही, वही नाही. मशीनमध्येच असलेली मॅन पेजेस, म्हणजे कमांडची माहितीपानं, मात्र हवी तेवढी वाचा. आणि एक अट कंपनी आधीच जाहीर करते: केलेली प्रत्येक गोष्ट मशीन रीबूट झाल्यावरही टिकली पाहिजे.

बाहेर पडून फोन सुरू केला तर बॅचमधल्या मुलांचे निरोप येऊन पडले होते. ‘सर, काय काय आलं होतं?’ मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर कंपनीनं सगळ्यांसाठी खुली ठेवलेली अभ्यासक्रमाची यादी लिहिली. बूट प्रक्रिया थांबवून मशीनचा ताबा मिळवणं, एलव्हीएममध्ये लॉजिकल व्हॉल्यूम वाढवणं, वापरकर्ते आणि गट, फायरवॉल, एसईलिनक्स. यातलं काहीही येऊ शकतं, सगळं करा. मुलांचे चेहरे उतरले. त्यांना ‘अपेक्षित’ हवं होतं.

बोर्डाचा पेपर परीक्षेआधी फुटतो. आमच्याकडची पेपरफुटी परीक्षेनंतर होते, आणि तिथंच सगळी गोम आहे. या परीक्षा वर्षभर, जगभर, रोज कुठे ना कुठे चालू असतात. आज पुण्यात एकाच्या पडद्यावर आलेला प्रश्न उद्या नागपुरात किंवा नैरोबीत दुसऱ्याच्या पडद्यावर येऊ शकतो. एक चांगला प्रश्न घडवायला जाणकारांचे कित्येक तास जातात. तो संदिग्ध नाही ना, जाणणाऱ्याला सुटतो आणि न जाणणाऱ्याला अडवतो ना, हे पडताळावं लागतं. असा प्रश्न एकदा बाहेर गेला की न जाणणाराही तो सोडवतो. मग तो मोजतो ते फक्त पाठांतर.

लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटच्या परीक्षांत हे आणखी सहज घडतं, कारण तिथं पर्याय निवडायचे किंवा रिकामी जागा भरायची असते. त्यांच्या एलपीआयसी-१ प्रमाणपत्राचे दोन पेपर, प्रत्येकी ६० प्रश्न, ९० मिनिटं. गुण २०० ते ८०० या पट्टीवर, ५०० ला उत्तीर्ण. उत्तराचं अक्षर लक्षात ठेवलं की झालं.

अशा चोरलेल्या प्रश्नसंचाला आमच्या धंद्यात ‘डंप’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी एका क्लासमधून डंप घोकून आलेला एक मुलगा माझ्या लॅबमध्ये बसला होता. डिस्कचे भाग पाडण्याच्या कमांड तो न थांबता टाइप करत होता. बोटं इतकी सरावलेली की बघत राहावं. मी डिस्कचं नाव बदललं. एसडीबी होतं ते व्हीडीबी केलं. त्याचे हात थांबले. कोणत्या डिस्क जोडलेल्या आहेत ते बघायचं असतं, हेच त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मग त्यानं एफस्टॅबमध्ये, म्हणजे डिस्क जोडण्याच्या नोंदींच्या फाइलमध्ये, पाठ असलेली जुनीच ओळ घातली आणि मशीन रीबूट केलं. ते वर आलंच नाही, इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबलं. लॅब होती म्हणून निभावलं. त्या जागी एखाद्या रुग्णालयाचा नाहीतर बँकेचा सर्व्हर असता तर? त्या क्लासनं मुलाच्या वडिलांकडून पैसे घेतले होते, पावती दिली नव्हती. मला राग त्या मुलाचा आला नाही, त्या क्लासचा आला आणि अजून आहे.

असे प्रश्न विकणं हा गुन्हा कसा मानला जातो याचं एक उदाहरण मी प्रत्येक बॅचला सांगतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मायक्रोसॉफ्टच्या परीक्षांचे प्रश्न इंटरनेटवर विकणाऱ्या एका माणसानं २००२ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. आरोप होता व्यापारी गुपिताच्या चोरीचा. प्रश्न ही मालमत्ता आहे, हे मुलांना तिथं पहिल्यांदा कळतं.

काही जण म्हणतात, ज्ञान मुक्त ठेवायचं म्हणणाऱ्या लिनक्सवाल्यांनी प्रश्न मात्र का झाकावेत? ज्ञान झाकलेलं नाहीच. लिनक्सचा सोर्स कोड खुला, मॅन पेजेस खुली, अभ्यासक्रमही खुला. झाकलेली आहे ती फक्त मोजपट्टी, कारण ती आधी पाहिली की मोजणंच संपतं.

डंप घोकून आलेला तो मुलगा पुढे पाच महिने लॅबमध्ये राहिला. मशीन मोडायचा, पुन्हा उभं करायचा. परीक्षा देऊन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, ‘उठताना रीबूट करून पाहिलंस?’ तो म्हणाला, ‘दोनदा, सर.’ निकाल ई-मेलनं आला. त्यात विषयवार टक्केवारी असते, प्रश्न नसतात. तो उत्तीर्ण झाला होता.

तुमच्या घरी कुणी अशी परीक्षा देऊन आलं, तर पेपर कसा गेला हे जरूर विचारा. काय आलं होतं, हे मात्र विचारू नका. त्यानं शब्द दिलेला असतो.