एका पावलाला पन्नास वर्षे

जुन्या कात्रज बोगद्यापासून पौर्णिमेच्या रात्री निघताना प्रत्येकाच्या तोंडी एकच आकडा असतो, तेरा. कात्रज ते सिंहगड, म्हणजे पुणेकरांचा 'के टू एस', ही तेरा टेकड्यांची वाट. (बारा की चौदा, यावर दर वेळी वाद होतो. नवव्या टेकडीनंतर मोजायची शुद्ध कोणाला असते?) अंतर पंधरा-सोळा किलोमीटर, पण घसाऱ्यावरून बसत-सरकत उतरायचे आणि उतरलेले सगळे पुन्हा चढायचे.

हा घसारा कशाचा हे कळल्यापासून तेराचा आकडा मला अगदीच किरकोळ वाटतो.

इथला काळा फत्तर म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून तो पुन्हा पुन्हा वाहत आला. आज त्यातला 5 लाख चौरस किलोमीटरचा पसारा उरला आहे. मुळात निदान 10 लाख घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला असावा, असा भूशास्त्रज्ञांचा अंदाज. आता घन किलोमीटर काही डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून कोयना धरण घेऊ. 105 टीएमसीचे ते धरण काठोकाठ भरले तर पाणी होते जेमतेम 3 घन किलोमीटर. अशी तीन लाखांहून जास्त कोयना धरणे लाव्ह्याने भरायची! किंवा हा लाव्हा आजच्या महाराष्ट्रावर सारखा पसरा. थर होईल सव्वातीन किलोमीटरचा, कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवावी एवढा.

1783 साली आइसलंडमध्ये लाकी इथली भेग आठ महिने वाहत होती. लाव्हा निघाला 15 घन किलोमीटरच्या आसपास; विषारी वायूंनी गवत आणि गुरे गेली, आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात तिथली पाचातली एक व्यक्ती दगावली. आपल्याकडचा ऐवज अशा साठ हजारांहून अधिक लाकींचा.

सह्याद्रीतले हे थर एकावर एक जुळवले तर उंची साधारण 3 किलोमीटर भरते, आणि बहुतेक लाव्हा 10 लाख वर्षांच्या आतच येऊन गेला. समजा 8 लाख वर्षे लागली. शाळेतले त्रैराशिक मांडले की एका मीटरला 267 वर्षे पडतात. म्हणजे जेमतेम वीतभर चढणाऱ्या एका पावलाला पन्नासेक वर्षे. आतकरवाडीहून सिंहगडाचा सुमारे 600 मीटरचा चढ म्हणजे दीड लाख वर्षांहून जास्त काळ, तोही दोन तासांत.

पण ही सरासरी लबाड आहे. दोन काळ्या थरांच्या मध्ये कधी कधी लालसर मातीचा पट्टा दिसतो. पावसाळ्यात बूट माखतात तो. तिथे लाव्हा थांबला होता, ऊन-पावसाने दगडाची माती झाली होती, आणि मग वरून पुढचा लोंढा आला. म्हणजे इमारतीएवढा उंच कडा काही वर्षांत घडलेला असू शकतो, आणि हातभर लाल पट्ट्यात हजारो वर्षे जिरलेली असू शकतात. घाटात आपण कड्याचा फोटो काढतो. खरा वेळ त्या पट्ट्यात गेलेला असतो.

पुण्याकडे हे थर जवळपास आडवे आहेत. त्यामुळे एका टेकडीवरून 100 मीटर उतरलो की त्रैराशिकाने 27 हजार वर्षे मागे, आणि पुढची चढलो की तीच 27 हजार वर्षे पुन्हा पुढे. रात्रभर हाच उद्योग. एकाच थराची गाठ परत परत पडते आणि अंधारात दर वेळी तो नवा वाटतो.

हा लाव्हा पुरवणाऱ्या, पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणावरून आपली जमीन तेव्हा सरकत होती, ते आता रियुनियन बेटाखाली आहे, पुण्यापासून सुमारे 4,800 किलोमीटरवर. तिथला ज्वालामुखी अजून अधूनमधून पेटतो. इथे मात्र कुठला डोंगर उफाळून वर आलाच नाही. होते ते सपाट पठार. पावसाने आणि ओढ्यांनी ते कोरत नेले, आणि कोरता कोरता जे उरले त्याला आपण टेकड्या म्हणतो. पहाटे तीनला ज्या खिंडीत उतरताना गुडघे बोंब मारतात, तिथे एके काळी भरीव दगड होता. तो वाहून गेला नसता तर कात्रजहून सिंहगडापर्यंत सरळ सपाट चालत गेलो असतो, आणि बारा की चौदा हा वादही झाला नसता.