बेरजेच्या ओळीत अहिराणी कुठे बसते?

नवागाम, डिंडोली, लिंबायत. सुरतच्या या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली कितीतरी घरं आहेत. लूम आणि मिलच्या कामाला म्हणून आलेली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती-हिंदी. यांचा इतिहास लिहायचा तर पहिला प्रश्न, ही माणसं किती?

उत्तरासाठी आपण जनगणनेचा सी-16 हा मातृभाषांचा तक्ता उघडतो. त्यात भाषेची एकूण ओळ असते आणि तिच्याखाली त्या भाषेत धरलेल्या मातृभाषांच्या ओळी. अहिराणी मराठीखाली सापडत नाही, ती 'खानदेशी'खाली आहे. 2011 साली देशभरात खानदेशीची एकूण ओळ सुमारे 18.60 लाखांची, आणि त्यातच अहिराणीचे 16.36 लाख. दोन्ही आकडे एकाच रकान्यात, म्हणून रकान्याची सरळ बेरीज मारली की तीच माणसं दोनदा मोजली जातात. बेरजेआधी एकूण ओळी बाजूला काढायलाच हव्यात.

ही वेगळी चूल जुनी आहे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात मराठीला सातवा खंड मिळाला (1905), तर खानदेशी नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांबरोबर गेली (1907). त्यामुळे आजही एकाच गल्लीतल्या दोन भावांपैकी एकाने 'मराठी' आणि दुसऱ्याने 'अहिराणी' सांगितलं, तर ते दोन वेगळ्या बेरजांत जातात.

मग आपली बेरीज आपणच करायची. एसएएस वापरणाऱ्यांनी तक्त्यात 'गट' नावाचा नवा रकाना घालावा, मराठी, अहिराणी, खानदेशी यांना एकच गट द्यावा आणि प्रोक रिपोर्टमध्ये 'ब्रेक आफ्टर गट / समराइझ' लिहावं. गटाखाली बेरजेची ओळ येते. संपूर्ण तक्त्याच्या शेवटी हवी असेल तर 'आरब्रेक आफ्टर'. त्या ओळीचं नाव 'कम्प्युट आफ्टर'मध्ये बदलता येतं, पण रकान्याची लांबी आधी वाढवा. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्राही सुटे मोजले जातात. 'अहिराणी'लाच 21 बाइट लागतात. लांबी कमी असली की नाव मध्येच तुटतं.

गटाला 'खानदेशातले लोक' असं नाव मात्र देऊ नये. सुरतेत मराठी सांगणारा कोकणातलाही असतो. 'मराठी व अहिराणी सांगणारे' एवढंच खरं.

प्रमाणाचे रकाने बेरजेत घालूच नयेत. 2011 साली सुरत जिल्ह्यात पुरुष 34,02,224 आणि स्त्रिया 26,79,098, म्हणजे हजारी 787. एकटे पुरुष कामाला येतात त्या जिल्ह्याचा हा आकडा, आपल्या विषयाला फार मोलाचा. तो तालुक्यांच्या प्रमाणांची सरासरी काढून मिळत नाही, कारण लहान-मोठे तालुके सारखेच धरले जातात. प्रमाणाचा रकाना 'कम्प्युटेड' ठेवला की बेरजेच्या ओळीतही आधी स्त्रिया व पुरुष वेगळे बेरजले जातात, मग भागाकार होतो.

आणि तक्त्याखाली एक ओळ लिहावी: गटात कोणत्या मातृभाषा धरल्या, कोणत्या सोडल्या. देशभरात दहा हजारांहून कमी लोकांनी सांगितलेली मातृभाषा 'इतर'मध्ये जाते, तेव्हा 'इतर'चं काय केलं तेही तिथेच सांगावं.