पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे



कसबा बावड्यात पावसाळा लागला की पहिला प्रश्न एकच, ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती?’ ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली. आमच्या गटाची इतिवृत्ताची वही आणि कर्जखातं त्या पाण्यात भिजून लगदा झालं. तेव्हापासून आम्ही कागदपत्रांचे फोटो काढून गूगल ड्राइव्हवर ठेवतो.

यालाच क्लाउड म्हणतात. म्हणजे कंपनीच्या मोठ्या संगणकावर घेतलेली खोली. भिंती आणि छप्पर कंपनी सांभाळते. पण किल्ली कुणाला दिली, दार उघडं राहिलं का, हे आपणच बघायचं.

इथंच आमचं चुकलं. हिशेब भरायला मानधनावर एक मुलगी ठेवली होती. तिनं सगळं स्वतःच्याच खात्यात ठेवलं. लग्न होऊन ती गेली, नंबर बदलला, पासवर्ड आठवेना आणि कोड जायचा जुन्या नंबरवर. बँकेचा कर्ज प्रस्ताव अडून बसला. वर कळलं, आमच्या आधार कार्डांचे फोटो लिंक मिळेल त्या कुणालाही दिसत होते. बायका तिच्यावर चिडल्या. तेव्हा आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, “पोरीला बोल लावू नका. तिला कुणी शिकवलं होतं का? सगळं तिच्या गळ्यात घालून आपणच मोकळ्या झालो.”

खरंच होतं. पैशाची पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीकडे, बँकेतून रक्कम काढायला दोघींच्या सह्या, हे आपण वर्षानुवर्षं पाळतो. कागदपत्रांनाही तोच नियम लावला.

खातं आता गटाच्या नावाचं आहे. पासवर्ड विसरला तर कोड अध्यक्षांच्या फोनवर येतो, दुसरा ईमेल सचिवांचा. पदाधिकारी बदलले की दोन्ही बदलायचे. पासवर्डनंतर फोनवर आणखी एकदा खात्री करणारी सोयही चालू केली आहे.

जिला जेवढं काम, तिला तेवढीच मुभा. हिशेब भरणारी फक्त हिशेबात बदल करू शकते. बाकीच्या सभासद तो नुसता पाहू शकतात. आधारचे फोटो दोघींनाच उघडतात. तेही शेवटचे चार आकडे दिसणारे, म्हणजे मास्क केलेले आधार. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं.

महिन्याच्या एका बैठकीत पाच मिनिटं या कामाला ठेवलीत. कोण काय उघडू शकतं, ती नावं मोठ्यानं वाचायची. काम सोडलेलीचं नाव त्याच दिवशी काढायचं. यात अविश्वास नाही; बँकेतली सही बदलतो तसंच हे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चूक सांगणारीला रागवायचं नाही. चुकून पुसलेली फाइल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते. वेळेत कळलं तर परत मिळते. भलत्याच लिंकवर पासवर्ड टाकला गेला, तर लगेच बदलता येतो. पैसे गेले असतील तर १९३० वर तात्काळ फोन करायचा. बोलणी बसतील म्हणून तिनं दोन दिवस लपवलं, तर यातलं बरंच हातातून जातं.

सह्यांचे मूळ कागद मात्र जपायचेच. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवा.

पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र हिशेब लेखनाचं. लिहिलेलं जपणं हा त्याचाच भाग. येत्या बैठकीत एवढंच विचारा, ‘आपल्या गटाचे कागद आज कोण कोण उघडू शकतं?’ उत्तर एकीलाच माहीत असेल, तर त्याच दिवशी कामाला लागा.