नवी स्कूटर घेताय? लायसन्स नसेल तर विम्याचा आधार अर्धाच

बडोदा : पाणीगेट हा जुन्या शहराचा पूर्वेकडचा दरवाजा. आत मांडवीकडे गर्दी, बाहेर आजवा रोड आणि वाघोडिया रोड. घरात दोन माणसं कामावर जाणारी असली की स्कूटर लागतेच. शोरूमवाला नंबर, विमा सगळं एका बिलात बसवून देतो. लायसन्स मात्र आपलं आपल्यालाच काढावं लागतं. बरेच जण ते ‘नंतर बघू’ म्हणतात, आणि खरा धोका तिथेच आहे.

लायसन्स कसं काढायचं?

50 सीसीपेक्षा मोठ्या स्कूटरला वय 18 पूर्ण हवं. ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज करून आधी लर्निंग लायसन्स काढायचं. गुजरातमध्ये त्याची परीक्षा 2019 च्या अखेरीस आयटीआयमध्ये घ्यायला सुरुवात झाली. 15 प्रश्नांपैकी ठरावीक प्रश्न बरोबर यावे लागतात. हे लायसन्स सहा महिने चालतं. 30 दिवस झाले की पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. बडोदेकरांना त्यासाठी दरजीपुऱ्याच्या आरटीओत जावं लागतं. शिकत असताना पुढे-मागे लाल ‘एल’ लावा. मागे फक्त लायसन्सवाला शिकवणारा बसवा, मैत्रीण किंवा भाऊ नको. विनागिअरचं लायसन्स घेतलं तर त्यावर गिअरची बाईक चालत नाही, हेही ध्यानात ठेवा.

विम्यात काय असतं?

सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. 75 ते 150 सीसीसाठी जून 2022 मध्ये ठरलेला दर 3,851 रुपये, जीएसटी वेगळा. हिशेब केला तर महिन्याला साधारण 64 रुपये. हा विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. आपली स्कूटर फुटली किंवा चोरीला गेली तर ‘ओन डॅमेज’ भाग लागतो, तो ऐच्छिक आहे.

तिसरा भाग मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा. इथे पुष्कळ घरं फसतात. स्कूटर आईच्या नावावर आणि चालवतो मुलगा, असं असेल तर या भागातून मुलाला काही मिळत नाही. हा विमा नोंदणीकृत मालकाचाच असतो, आणि मालकाकडेही चालू लायसन्स हवं.

लायसन्स नसताना धडक झाली तर?

स्वर्ण सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2004 मध्ये याची वाट घालून दिली. जखमीला भरपाई विमा कंपनी देते. पण मालकाच्या हयगयीमुळे बिनलायसन्सचा माणूस गाडी चालवत होता हे सिद्ध झालं, तर कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. अशी भरपाई लाखांत जाते, म्हणजे घरावरच बेतते. याच निकालात लर्निंग लायसन्सही ग्राह्य धरलं आहे, म्हणून पहिल्या दिवसापासून निदान तेवढं तरी खिशात असू द्या.

अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली दिली तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा मालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द होते.

नंदुरबारची गाडी बडोद्यात आणली तर?

लायसन्स भारतभर चालतं, महाराष्ट्राचं असलं म्हणून बदलायची गरज नाही. गाडीच्या नंबराचं तसं नाही. दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर जुन्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र आणून नवा नंबर घ्यावा लागतो. बडोद्याचा असतो जीजे-06. नव्या राज्याचा रोड टॅक्सही भरावा लागतो. नातेवाइकाची जुनी स्कूटर विकत घेतली असेल तर आरसीबरोबर विमाही आपल्या नावावर करा. त्यासाठी 14 दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस मात्र आपल्याला मिळत नाही.

शोरूममध्ये सही करण्याआधी एवढंच बघा : रोज किल्ली ज्याच्या हातात राहणार, स्कूटर त्याच्या नावावर आहे ना, आणि लायसन्स त्याच्याकडे आहे ना.