गटारीच्या रात्रीचं ग्रहण

येत्या १२ ऑगस्टच्या खग्रास सूर्यग्रहणाचे निरोप एव्हाना व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून दमले असतील. ग्रहण दिसणार ग्रीनलंड, आइसलंड आणि स्पेनमध्ये. आपल्याकडे तेव्हा रात्र. म्हणजे पाळायचं नाही आणि बघायचंही नाही. त्यातून तिथी आषाढ अमावास्या, म्हणजे गटारी, त्यामुळे अनेकांचा त्या रात्रीचा कार्यक्रम ठरलेलाच. उरलेल्यांसाठी ऑनलाइन व्याख्यानं आणि थेट प्रक्षेपणं आहेतच. आइसलंडजवळ खग्रास स्थिती जास्तीत जास्त सव्वादोन मिनिटांची, आपल्या घड्याळात रात्री सव्वाअकराच्या सुमारास. स्पेनमध्ये सूर्य मावळतीला टेकलेला असताना खग्रास स्थिती येईल, तेव्हा आमच्या सांगलीजवळच्या माधवनगरात बारा वाजत असतील.

हौशी आकाशनिरीक्षकांचं वर्ष पावसाळ्यात बंद असतं. जून ते सप्टेंबर दुर्बीण कपाटात आणि व्याख्यानं सभागृहात, ही जुनी रीत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासूनची, देशातली सर्वांत जुनी हौशी संस्था. मुंबईत खगोल मंडळ, कल्याणला आकाशमित्र. मिरज-पुणे गाड्यांचा रस्ता माधवनगर स्टेशनावरूनच जातो, पण पुण्यात संध्याकाळचं व्याख्यान ऐकायचं तर रात्री मुक्काम आणि दुसऱ्या दिवशीची रजा आलीच. २०२० च्या टाळेबंदीत व्याख्यानं पडद्यावर आली आणि ही अडचण संपली. बुधगाव रस्त्यावरचा यंत्रमाग कारागीर आणि कोथरूडचा निवृत्त प्राध्यापक एकाच वेळी ‘आवाज येतोय का?’ विचारू लागले. ही लहान गोष्ट नव्हे.

फुकटच्या झूमवर चाळीस मिनिटांनी बैठक तुटते आणि नेमकी प्रश्नोत्तरंच गळतात, याची मात्र चीड येते. व्याख्यान नंतर यूट्यूबवर सापडतं. बारावीतल्या मुलीने विचारलेला प्रश्न सापडत नाही. थेट प्रक्षेपणाचीही एक गंमत आहे. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पोचायला आठ मिनिटं घेतो, आणि स्पेनहून सांगलीला यायला इंटरनेट कधी कधी आणखी अर्धं मिनिट खातं. खग्रास स्थितीच्या कडेला क्षणभर चमकणारी ‘हिऱ्याची अंगठी’ पाहून आपण टाळ्या पिटू, तेव्हा तिथे ती विझलेली असेल.

ग्रहणाच्या व्याख्यानात हमखास ऐकू येणारं एक वाक्य म्हणजे ‘हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला.’ वाक्य गोड आहे, पण खरं नाही. हेलियमशी ज्याचं नाव जोडलं जातं तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात ते त्याच मोहिमेचे. पृथ्वीवरचा हेलियम रसायनशास्त्रज्ञ रॅमझीने त्याच्या तीन वर्षं आधीच, १८९५ मध्ये, वेगळा करून दाखवला होता. त्या १८९८ च्या ग्रहणाची दुसरी मोठी छावणी सोलापूर जिल्ह्यात जेऊरला होती. नकाशावर विजयदुर्ग आणि जेऊर यांना जोडणारी रेघ ओढा, ती कराडजवळून जाते.

खरी गोष्ट तीस वर्षं आधीची, आणि ती आपल्या जास्त जवळची आहे. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास ग्रहणाची सावली विजयदुर्गाच्या किनाऱ्यावरून जमखंडी, विजापूर, गुंटूर अशी गेली. अर्थात सांगलीही सावलीत होती. माधवनगरची पेठ वसायची होती. पटवर्धनांच्या जमखंडीत, इथून शंभर किलोमीटरच्या आत, रॉयल सोसायटीचा वर्णपटदर्शक घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल बसला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू, नोकरी त्रिकोणमितीय सर्वेक्षणात. ऑगस्ट महिना आणि आपला प्रदेश, त्यामुळे ढग येणारच होते. पण ऐन वेळी ढगांत एक फट पडली, आणि सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळेच्या वर्णपटात त्याला तीन तेजस्वी रेषा दिसल्या: लाल, नारिंगी, निळी. मधली नारिंगी तीच, पुढे हेलियमची ठरलेली. तेव्हा ती सोडियमची वाटली. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने दुसऱ्या दिवशी ग्रहणाशिवायच या रेषा पाहिल्या, ऑक्टोबरात लॉकियरने इंग्लंडात बसून त्या पाहिल्या, आणि पिवळी-नारिंगी रेषा सोडियमच्या जागेवर बसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. जमखंडीतल्या तंबूचं नाव मात्र आपल्याकडच्या किती व्याख्यानांत येतं?

माझी तक्रार एवढीच की श्रोते वाढले, निरीक्षक वाढले नाहीत. कृष्णविवरांवर तासभर बोलणारा वक्ता मिळतो, छपरावर जाऊन काय करायचं ते सांगणारा मिळत नाही. सांगलीचे दिवे आता माधवनगरपर्यंत पोचले, आकाशगंगा दिसत नाही, हे खरं. पण अल्गोल दिसतो. ययातीतला हा तारा दर दोन दिवस वीस तास एकोणपन्नास मिनिटांनी मंदावतो, कारण त्याचा अंधुक जोडीदार त्याला झाकतो. ते ग्रहणच आहे. पाचेक तासांत तेज जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येतं आणि तितक्याच वेळात पूर्ववत होतं. एरवी तो देवयानीतल्या अलमाकइतका दिसतो, म्हणून तुलना करायला चष्मा सोडून काही लागत नाही. जॉन गुडरिक या बहिऱ्या मुलाने अठराव्या वर्षी, १७८२-८३ मध्ये, यॉर्कमधून नुसत्या डोळ्यांनी पाहून त्याचा काळ काढला आणि ग्रहणाची अटकळही मांडली. अशा नोंदी अमेरिकेतली हौशी निरीक्षकांची संघटना, एएव्हीएसओ, १९११ पासून जमा करते आणि त्या कुणाच्याही चालतात.

तेव्हा व्याख्यान ठेवणाऱ्यांनी शेवटच्या स्लाइडवर ‘धन्यवाद’ऐवजी दसरा-दिवाळीतल्या अल्गोलच्या मंदपणाच्या वेळा द्याव्यात, भारतीय वेळेत. पुढच्या बैठकीची पहिली पंधरा मिनिटं मिरज, माधवनगर, तासगावच्या नोंदी वाचायला ठेवावीत. कुणी ‘रात्री नऊ ते अकरा ढग’ एवढंच लिहून पाठवलं तरी ते वाचावं. लेफ्टनंट हर्शेलच्या अहवालातही ढगांनी बरीच जागा खाल्ली आहे.