मेट्रो अडते तेव्हा

मेट्रोचे जाळे किती मोठे, हे सांगताना किलोमीटर आणि स्थानके मोजली जातात. पण गाडी बिघडली, वीज गेली किंवा स्थानकात पाणी शिरले, की त्या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही. तेव्हा पाहायचे ते एवढेच, की बंद पडलेला तुकडा वगळून पलीकडे जायला रुळांची दुसरी वाट आहे का. ही वाट मार्गिका एकमेकींना किती ठिकाणी भेटतात त्यावर ठरते. दोन मार्गिका एकदाच भेटल्या तर चौक होतो. पुन्हा दुसरीकडे भेटल्या तर कडे होते, आणि कड्यावरच्या स्थानकात दोन्ही बाजूंनी शिरता येते. मॉस्कोत 1954 मध्ये पूर्ण झालेली वर्तुळाकार मार्गिका जाणकारांना महत्त्वाची वाटते ती याचसाठी.

विदर्भातली एकमेव मेट्रो नागपूरची. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर या तिच्या दोन मार्गिका सीताबर्डीला छेदतात, आणि तेवढ्याच एका ठिकाणी. त्यामुळे एखाद्या शाखेवर गाड्या थांबल्या, तर पलीकडच्या प्रवाशाला बस किंवा ऑटो गाठावी लागते. सीताबर्डीच अडली, तर चारही दिशांचा एकमेकींशी संबंध तुटतो.

मुंबईत चित्र वेगळे आहे. 2014 मध्ये सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर ही लाइन 1 बरीच वर्षे एकटीच होती. जानेवारी 2023 मध्ये लाइन 2अ आणि लाइन 7 पूर्ण झाल्या. या दोन्ही उत्तरेला दहिसरला जोडलेल्या आहेत आणि दक्षिणेला लाइन 1 ला दोन निरनिराळ्या ठिकाणी भेटतात. पश्चिम उपनगरांत त्यामुळे एक पूर्ण कडे तयार झाले. समजा, दिंडोशीजवळ लाइन 7 बंद पडली. मागाठाण्याहून गुंदवलीला निघालेला प्रवासी उलटा दहिसरकडे जाऊ शकतो, तिथून 2अ ने अंधेरी पश्चिमला, शेजारच्या डी. एन. नगरहून लाइन 1 ने पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकात, आणि तिथून पायी गुंदवलीला. वळसा चांगलाच लांब, शिवाय लाइन 1 चालवणारी कंपनी वेगळी. तरीही रूळ सोडावे लागत नाहीत.

कडे नसेल तेव्हा नुकसान आवरण्याचे काम रूळ बदलण्याचे सांधे करतात. ठरावीक अंतरावर सांधे असले, तर गाडी अडथळ्याच्या अलीकडेच दुसऱ्या रुळावर घेऊन माघारी फिरवता येते. 26 मे 2025 रोजी मुसळधार पावसाचे पाणी मुंबईच्या लाइन 3 च्या आचार्य अत्रे चौक या भुयारी स्थानकात शिरले, तेव्हा गाड्या आरे ते वरळी एवढ्याच चालवण्यात आल्या.

नकाशावर पर्याय दिसतो म्हणून तो गर्दी पेलेलच असे नाही. 3 जुलै 2018 रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला आणि पश्चिम रेल्वे ठप्प झाली. लाइन 1 ने घाटकोपरला जाऊन मध्य रेल्वे पकडण्याचा मार्ग होता, पण बारा डब्यांच्या लोकलची गर्दी चार डब्यांच्या मेट्रोत मावणार कशी? त्याहून अवघड प्रकार म्हणजे सगळे पर्याय एकाच कारणाने बंद पडणे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वे बंद पडल्या. पर्यायी मार्गाचा उतार, पाण्याचा निचरा आणि वीज वेगळी असेल, तरच तो खरा पर्याय.

दुसरी वाट आहे का, ही कसोटी लांब पल्ल्याच्या रेल्वेलाही लावता येते, आणि वाशिम जिल्ह्यात तिच्या दोन्ही बाजू सापडतात. अकोला-पूर्णा मार्गावरचे वाशिम एका मोठ्या कड्यावर आहे: अकोला, भुसावळ, मनमाड, छत्रपती संभाजीनगर, परभणी, पूर्णा आणि पुन्हा वाशिम. अकोल्याच्या बाजूला रूळ अडले तरी पूर्णा-मनमाडमार्गे मुंबई गाठता येते. मात्र अकोला-पूर्णा मार्ग मीटरगेज होता तोवर हे कडे कागदावरच होते, कारण मुख्य मार्गाची गाडी या रुळांवर धावूच शकत नव्हती. 2008 मध्ये ब्रॉडगेजचे काम पूर्ण झाले, तेव्हा कुठे ते जुळले. एकेरी रुळामुळे वळवलेल्या गाड्यांना क्रॉसिंगसाठी थांबावे लागते, ही उणीव आहेच.

याच जिल्ह्यातल्या कारंजाच्या वाट्याला उलटे आले. मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज ‘शकुंतला’ तिथून जात असे. यवतमाळला रूळ संपत आणि मूर्तिजापूरला गेज बदले, त्यामुळे तिला वळवायला जागाच नव्हती आणि दुसऱ्या मार्गाची गाडीही तिच्यावर आणता येत नव्हती. ती बंद झाल्यापासून कारंजेकर रेल्वे गाठायला एसटीने मूर्तिजापूरला जातात.